चिलेटेड लोह, चिलेटेड क्रिएटिन आणि सकाळचा चहा: नागपुरातल्या एका धावपटूचं प्रकरण

आधी एक खुलासा. ही कुणा एका व्यक्तीची फाइल नाही. नागपुरात धावणाऱ्या आणि जिमला जाणाऱ्या मंडळींकडून सप्लिमेंटच्या बाबतीत ज्या चुका वारंवार होतात, त्या एका ठिकाणी आणून हे प्रकरण बांधलं आहे. रक्ताच्या अहवालातले आणि डब्यांवरचे आकडे हिशेब करून दाखवता यावा म्हणून घेतले आहेत. रसायनशास्त्र, मात्रा आणि वेळा मात्र कुणालाही जशाच्या तशा लागू होतील.

परिस्थिती

वय २८, स्त्री, वजन ५४ किलो, शाकाहारी. राहणं त्रिमूर्तीनगरला, नोकरी जवळच्याच आयटी पार्कात. आठवड्यातून चार दिवस पहाटे अंबाझरीकडे धावणं, दोन दिवस संध्याकाळी जिममध्ये वजनं उचलणं. अर्धमॅरेथॉनची तयारी सुरू आहे. गेल्या चार महिन्यांत वेग वाढायच्या ऐवजी घटला. जिने चढताना धाप लागते, रात्री पोटऱ्यांत वांब येतात आणि अंथरुणात पाय सतत हलवावेसे वाटतात.

सप्लिमेंट काटकसर करून घेतलेली नाहीत. कॅल्शियम सोडून सगळं ‘चिलेटेड’ लिहिलेलं, म्हणजे धातूला दुसऱ्या रेणूच्या पकडीत बांधलेलं, आणि साध्या गोळ्यांपेक्षा बरंच महाग:

लोह: फेरस बिसग्लायसिनेट १५० मिग्रॅ, त्यातून प्रत्यक्ष लोह ३० मिग्रॅ.
मॅग्नेशियम: एका कॅप्सूलमध्ये मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट ५०० मिग्रॅ, त्यातून मॅग्नेशियम १०० मिग्रॅ.
क्रिएटिन: मॅग्नेशियम क्रिएटिन चिलेट, रोज २ ग्रॅमचा एक चमचा. डब्यावर दावा असा की शोषण चांगलं असल्याने कमी मात्रा पुरते.
कॅल्शियम: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, म्हणजे कॅल्शियम ५०० मिग्रॅ, सोबत डी-३.

विसरायला नको म्हणून सगळ्या गोळ्या सकाळी साडेआठला नाश्त्यासोबत एकदम घेतल्या जातात. नाश्त्याला बहुतेक वेळा तर्री पोहे, वरून चणे, आणि लगेच कडक चहा. त्याआधी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोलची गोळी. ॲसिडिटीसाठी वर्षभरापूर्वी लिहून मिळालेली ही गोळी कुणाला न विचारता पुढे चालू राहिली आहे.

अहवाल: हिमोग्लोबिन १०.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७४, लाल पेशी ४.४ दशलक्ष, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) ९, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी चाचणी) सामान्य, क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारं, किडनीतून बाहेर पडणारं टाकाऊ द्रव्य) १.१. शेवटच्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने किडनीचा अंदाज म्हणून ईजीएफआर ७० छापला आहे. तो वाचून घरच्यांनी क्रिएटिनचा डबा कपाटात टाकला.

लोह सुरू करण्याआधीची एक चाचणी

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाची गोळी, ही सवय विदर्भात जास्तच जपून वापरावी लागते. इथे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि थॅलेसेमियाचे वाहकही आहेत. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशीसुद्धा लहानच दिसतात, पण त्याच्या शरीरात लोह पुरेसं असू शकतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तेव्हापासून ही तपासणी सरकारी यंत्रणेतही बरीच सोपी झाली आहे. खाजगीत हिमोग्लोबिनची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी मागावी.

या प्रकरणात एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागलं तर ७४ ÷ ४.४ = १६.८ येतात. १३च्या वरचा आकडा लोहाच्या कमतरतेकडे झुकतो, १३च्या खालचा थॅलेसेमियाच्या वाहकाकडे. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नाही. फेरिटिन ९ मात्र स्पष्ट बोलतं: अंगात दुसरी सूज किंवा संसर्ग नसताना १५च्या खाली फेरिटिन म्हणजे साठा रिकामा. एचपीएलसीत सिकलचा पट्टा नाही असं धरून पुढे जाऊ. एवढं लक्षात असू द्यावं की लोह फार कमी असताना एचबीए-२ (ज्यावरून थॅलेसेमियाचा वाहक ओळखतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं कमी दिसू शकतं. शंका उरली तर साठा भरल्यावर चाचणी पुन्हा करावी. सिकलसेलचा वाहक निघाला तर सप्लिमेंटपेक्षा नागपूरच्या उन्हातला व्यायाम हा आधीचा विषय ठरतो, कारण उष्णतेत आणि पाणी कमी पडलेलं असताना जोर लावून धावणं वाहकालाही महागात पडू शकतं.

पाय हलवावेसे वाटणं आणि फेरिटिन कमी असणं यांचा संबंध वैद्यकात नीट नोंदलेला आहे. ते मॅग्नेशियम कमी असल्याचं लक्षण समजून मॅग्नेशियमची कॅप्सूल वाढवणं, ही या प्रकरणातली पहिली चुकलेली वाट.

चिलेशन नेमकं कुठे उपयोगी पडतं

अन्नातलं किंवा गोळीतलं लोह पोटातल्या आम्लात विरघळतं. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला आम्ल कमी होतं आणि सुटे लोह-आयन जे भेटेल त्याला चिकटतात. चण्यातलं, डाळीतलं, ज्वारीतलं फायटेट, चहातली टॅनिन वर्गातली द्रव्यं, सगळी लोहाला घट्ट धरतात आणि न विरघळणारा गाळ बनवतात. गाळ झालेलं लोह आतड्याच्या पेशीत शिरत नाही. म्हणजे चहा आणि चणेसुद्धा लोहाला पकडूनच ठेवतात, फक्त शरीराच्या फायद्याचं नाही असं.

बिसग्लायसिनेटमध्ये लोहाच्या एका आयनाला ग्लायसीनचे दोन रेणू दोन्ही बाजूंनी धरून असतात. ही पकड मधली असते. फायटेटच्या तावडीतून लोह काही अंशी वाचावं इतकी घट्ट, आणि आतड्याच्या पेशीपाशी सुटावं इतकी सैल. पकड फार घट्ट झाली तर लोह सुटतच नाही, फार सैल असेल तर ग्लायसीन असून नसल्यासारखं. इथेच धातू-धातूंतला फरक येतो. लोह आणि जस्त यांना ग्लायसीन बऱ्यापैकी धरतं, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमला कितीतरी सैल. त्यामुळे ‘चिलेटेड’ हा एकच शब्द तीन डब्यांवर असला तरी तिन्ही ठिकाणी त्याची किंमत सारखी नाही.

लोहाच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायटेटने भरलेल्या मक्याच्या लापशीतून फेरस सल्फेटचं लोह दोन टक्क्यांच्या आतबाहेर शोषलं गेलं, बिसग्लायसिनेटचं सुमारे सहा टक्के. म्हणजे फायटेटच्या जेवणात तिप्पट-चौपट फायदा. पण हे सहा टक्केच, साठ नव्हेत. शिवाय ज्यांचा साठा भरलेला होता त्यांच्यात बिसग्लायसिनेटचंही शोषण कमी झालं. चिलेट अख्खाच्या अख्खा, शरीराच्या नियंत्रणाला वळसा घालून रक्तात उतरतो, असं जाहिरातीत सांगितलं जातं ते या निरीक्षणाशी जुळत नाही. शरीराचा ब्रेक त्याच्यावरही चालतो, आणि ते चांगलंच आहे, नाहीतर लोह साचून विषबाधा झाली असती.

फायदा कुठे नाही तेही सांगायला हवं. उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत गोळी घेतली तर वाटेत फायटेटही नाही आणि टॅनिनही नाही. अशा वेळी साधं फेरस सल्फेटसुद्धा उत्तम शोषलं जातं. तिथे बिसग्लायसिनेट घेण्याचं उरलेलं कारण म्हणजे मळमळ आणि बद्धकोष्ठ कमी होणं. ज्यांना सल्फेट सहन होतं, त्यांनी दर महिन्याला जास्तीचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे.

नाश्त्याच्या ताटात काय घडत होतं

या प्रकरणातलं ३० मिग्रॅ लोह ज्या संगतीत पोटात जात होतं ती पाहू. चणे आणि पोहे: फायटेट. कडक चहा: टॅनिन. एकटा चहासुद्धा जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणतो. ५०० मिग्रॅ कॅल्शियम: हे लोहाच्या शोषणात थेट अडथळा आणतं, मग लोह कुठल्याही रूपात असो. पॅन्टोप्राझोल: आम्ल कमी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम ऑक्साईडसारखे क्षार विरघळायलाच अडचण.

भर म्हणून वेळ. जोरदार व्यायामानंतर साधारण तीन ते सहा तासांत रक्तात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याचं दार बंद करतं. पहाटे साडेपाच ते साडेसहा धावून साडेआठला गोळी घेतली म्हणजे हे दार मिटायला लागलेलं असताना लोह दारात उभं राहतं. धावून झाल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत घेतलेलं लोह तुलनेने जास्त शोषलं जातं.

ढोबळ अंदाज धरला तर अशा नाश्त्यातून तीन टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ०.९ मिग्रॅ लोह आत जात होतं. मासिक पाळी असलेल्या स्त्रीचं रोजचं सरासरी नुकसान याहून जास्त असतं. गोळ्या चालू असूनही साठा का भरला नाही, याचं उत्तर इथेच मिळतं.

मॅग्नेशियमच्या लेबलचा हिशेब

हा भाग प्रत्येकाने स्वतःच्या डब्यावर करून पाहावा. रेणूभारावरून शुद्ध चिलेटमध्ये धातू जास्तीत जास्त किती असू शकतो ते ठरलेलं आहे. कोरड्या शुद्ध मॅग्नेशियम बिसग्लायसिनेटमध्ये १४.१ टक्के मॅग्नेशियम. फेरस बिसग्लायसिनेटमध्ये २७.४ टक्के लोह, प्रत्यक्ष बाजारात साधारण २०. झिंक बिसग्लायसिनेटमध्ये ३०.६ टक्के जस्त. लेबलवर याहून मोठा आकडा निघाला तर आत दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

लोहाच्या गोळीत १५०ला ३०, म्हणजे २० टक्के. ठीक. मॅग्नेशियमच्या कॅप्सूलमध्ये ५००ला १००, म्हणजे तेही २० टक्के, आणि हे शक्य नाही. ५०० मिग्रॅ शुद्ध चिलेटमधून ७०.५ मिग्रॅच मॅग्नेशियम मिळेल. उरलेलं बहुधा मॅग्नेशियम ऑक्साईडमधून येतं, ज्यात ६०.३ टक्के मॅग्नेशियम असतं. गणित मांडलं तर सुमारे ६४ मिग्रॅ ऑक्साईड आणि ४३६ मिग्रॅ चिलेट असं मिश्रण निघतं. ऑक्साईडमधून ३८.५ मिग्रॅ, चिलेटमधून ६१.५. थोडक्यात, चिलेट म्हणून पैसे दिलेल्या मॅग्नेशियमपैकी जवळपास चाळीस टक्के साधं ऑक्साईड आहे. काही कंपन्या याला ‘बफर्ड’ म्हणतात आणि तसं छापतात. छापलं असेल तर फसवणूक म्हणता येत नाही, पण घेणाऱ्याला अर्थ कळायला हवा.

दुसरी खूण कॅप्सूलच्या आकाराची. २०० मिग्रॅ मॅग्नेशियम शुद्ध चिलेटमधून द्यायचं तर १४०० मिग्रॅहून जास्त पावडर लागते. गिळता येण्याजोग्या सर्वांत मोठ्या कॅप्सूलमध्येही सहसा एक ग्रॅमच्या आतच पावडर बसते. एका कॅप्सूलमध्ये २०० मिग्रॅ ‘शुद्ध बिसग्लायसिनेट’ असा दावा दिसला की डबा खाली ठेवावा.

घरी करता येणारी चाचणीही आहे. कॅप्सूल उघडून पावडर १०० मिली कोमट पाण्यात टाकायची, दोन मिनिटं ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. खरं चिलेट जवळपास पूर्ण विरघळतं. तळाला पांढरा गाळ बसला तर वरचं पाणी हळूच ओतून गाळावर दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालायचं. गाळ नाहीसा झाला तर तो बहुधा ऑक्साईड किंवा कार्बोनेट, बुडबुडे आले तर नक्की कार्बोनेट. गाळ तसाच राहिला तर कॅप्सूल भरताना घातलेलं सिलिका किंवा स्टिअरेट असू शकतं आणि त्याची काळजी नको. हे पाणी पिऊ नये, ओतून द्यावं. या चाचणीला मर्यादाही आहे: साधं मॅग्नेशियम सल्फेट किंवा क्लोराईडही सुंदर विरघळतं, त्यामुळे गाळ नाही म्हणजे चिलेटच, असं सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळेतल्या अवरक्त वर्णपटातच दिसतं.

ऑक्साईड आणि ग्लायसीन कोरडंच एकत्र मिसळून चिलेट होत नाही, हेही सांगायला हवं. चिलेट करायचं तर ४०.३ भाग ऑक्साईड आणि १५०.१ भाग ग्लायसीन गरम पाण्यात एकमेकांशी अभिक्रिया करू द्यावी लागतात आणि मग ते सुकवावं लागतं. नुसतं मिश्रण भरलेल्या डब्यावर ‘मॅग्नेशियम व ग्लायसीन’ किंवा ‘ग्लायसीन कॉम्प्लेक्स’ असे गोलमोल शब्द असतात. घटकांच्या यादीत ‘बिसग्लायसिनेट’ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाही असं धरावं.

आता खरा प्रश्न: या धावपटूला मॅग्नेशियमची गोळी हवी का? आयसीएमआर-एनआयएनच्या २०२०च्या तक्त्यात स्त्रीसाठी रोज ३७० मिग्रॅ सांगितलं आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १३० मिग्रॅ असतं. दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाची भाकर, वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे आणि एक पालेभाजी झाली की आकडा जवळपास गाठला जातो. रात्रीच्या वांब येण्यावर मॅग्नेशियमचा उपयोग अभ्यासांत फारसा दिसलेला नाही. मे महिन्यात पहाटे साडेपाचलाही नागपुरात हवा तापलेलीच असते. तासभर धावताना लिटरभर घाम सहज जातो आणि त्यासोबत साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोडियम. त्यामुळे परतल्यावर अर्धा चमचा मीठ विभागून घातलेलं दोन ग्लास पातळ ताक आधी करून पाहावं. रक्तदाबाचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून. मात्र पॅन्टोप्राझोल वर्षभर चालू आहे, आणि ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घसरू शकतं, म्हणून रक्तातलं मॅग्नेशियम एकदा तपासणं योग्य. ते सामान्य असेल तर कॅप्सूल बंद.

क्रिएटिनला चिलेशनची गरजच नाही

लोहाला वाटेत अडवणारे पुष्कळ, क्रिएटिनला जवळपास कुणीच नाही. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट तोंडावाटे घेतलं तर ते जवळजवळ सगळंच रक्तात पोचतं. फायटेट त्याला पकडत नाही, चहा अडवत नाही. पोटातल्या तीव्र आम्लातही त्याचा फारसा नाश होत नाही, कारण पीएच फार खाली गेला की ते क्रिएटिनिनमध्ये बदलण्याची क्रिया थंडावते आणि पोटात ते थांबतंही थोडा वेळच. अडचण शोषणाची नाहीच. मर्यादा आहे ती स्नायूपेशीच्या दारात. तिथे क्रिएटिनला आत नेणारा वाहक असतो आणि स्नायू भरला की तो वेग कमी करतो. मॅग्नेशियमला बांधून आणलेलं क्रिएटिन पोटात सुटतं, आणि स्नायूच्या दारात ते मोनोहायड्रेटमधून आलेल्या क्रिएटिनसारखंच उभं राहतं.

चिलेट आणि मोनोहायड्रेट यांची तुलना करणारे छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांतून चिलेट वरचढ ठरेल असं ठोस काही हाती आलेलं नाही. ‘बफर्ड’ (आम्लता कमी केलेल्या) क्रिएटिनची २०१२ साली मोनोहायड्रेटशी थेट तुलना झाली तेव्हाही स्नायूंतलं क्रिएटिन, ताकद आणि दुष्परिणाम यांत फरक दिसला नाही. क्रिएटिनचं इथिल एस्टर हे रूप तर शरीरात मोठ्या प्रमाणात क्रिएटिनिन होऊन वाया जातं. आमचं मत स्पष्ट आहे: क्रिएटिनच्या महागड्या रूपांवर पैसे घालू नयेत.

या प्रकरणात तोटा मात्रेचाही आहे. दोन क्रिएटिन आणि एक मॅग्नेशियम असा शुद्ध चिलेट धरला तरी २ ग्रॅम चमच्यात क्रिएटिन १.८३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १७० मिग्रॅ येतं. ३ ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये मात्र ८७.९ टक्क्यांनी २.६४ ग्रॅम क्रिएटिन. शरीरातून रोज एक ते दोन ग्रॅम क्रिएटिन क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतं. त्यातलं साधारण निम्मं शरीर स्वतः बनवतं आणि उरलेलं मांसाहारातून येतं. शाकाहारी माणसाला हा दुसरा हिस्सा जवळपास मिळतच नाही, म्हणून त्याच्या स्नायूंतला साठा मुळातच कमी असतो आणि पूर्ण मात्रेचा फायदाही त्यालाच जास्त दिसतो. इथे नेमकं त्याच व्यक्तीला कमी मात्रा दिली गेली.

मात्रा अशी: मोनोहायड्रेट रोज ३ ग्रॅम, सुटी असो वा धावणं. १९९६च्या एका गाजलेल्या अभ्यासात रोज ३ ग्रॅमने २८ दिवसांत स्नायू तितकेच भरले जितके रोज २० ग्रॅमने सहा दिवसांत. घाई नसेल तर लोडिंग, म्हणजे सुरुवातीची अशी मोठी मात्रा, टाळावं. एकदम मोठी मात्रा घेतल्याने जुलाब होतात ते मुख्यतः त्यातच. क्रिएटिन दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत घ्यावं, इन्शुलिनमुळे स्नायूत जाण्यास थोडी मदत होते. पहिल्या महिन्यात वजन अर्धा ते एक किलो वाढलं तर ते स्नायूंतलं पाणी आहे. स्पर्धेला तीन-चार आठवडे उरले असताना लांब पल्ल्याच्या धावपटूने ही वाढ नको असेल तर सुरुवातच करू नये.

चमच्यावर विसंबू नये. पावडर दाबली गेली की त्याच चमच्यात जास्त बसते. एक ग्रॅम अचूकतेचा छोटा काटा पुरेसा नाही, ०.१ ग्रॅमचा घ्यावा आणि एकदा मोजून चमच्यावर खूण करावी.

विरघळण्याचीही तक्रार येते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे १४ ग्रॅमच क्रिएटिन विरघळतं, ५० अंशांना ३४. फ्रिजमधल्या ग्लासभर पाण्यात ३ ग्रॅम टाकले तर तळाला कण राहणारच. कोमट २५० मिली पाण्यात ढवळावं आणि लगेच प्यावं. उरलेले कण गिळले तरी बिघडत नाही. बिघडतं ते लिंबूपाण्यात मिसळून शेकर दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवल्याने. २५ अंशांना पीएच ३.५च्या द्रावणात तीन दिवसांत सुमारे २१ टक्के क्रिएटिन नष्ट होतं, पीएच ५.५ला सुमारे ४ टक्के. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद डिकीतलं तापमान याहून कितीतरी जास्त, आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. कोरडी पावडर मात्र उन्हाळाही सोसते, फक्त ओला चमचा आत घालू नये.

क्रिएटिनिन १.१चं काय

क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन किंचित वाढतं, कारण क्रिएटिनिन ही त्याचीच उरलेली राख. ईजीएफआरचं सूत्र वय, लिंग आणि हा एकच आकडा पाहून किडनीचा अंदाज बांधतं. २८ वर्षांच्या स्त्रीत क्रिएटिनिन १.१ धरला तर सूत्र ७० सांगतं, ०.८ धरला तर १०३. आदल्या संध्याकाळी पायांचा जड व्यायाम झाला असेल तर आकडा आणखी वर सरकतो. म्हणून घाबरून निष्कर्ष काढण्याआधी सिस्टॅटिन-सी करून घ्यावं, त्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन. दोन्ही ठीक असतील तर क्रिएटिन सुरू ठेवता येतं. सिस्टॅटिन-सी करणं जमत नसेल तर तीन-चार आठवडे क्रिएटिन बंद ठेवून, दोन दिवस जड व्यायाम टाळून चाचणी पुन्हा करावी. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा किडनीचा जुना आजार असेल तर हा निर्णय स्वतः घेऊ नये.

बदललेलं वेळापत्रक

पहाटे उठून पाणी, साडेपाच ते साडेसहा धावणं. परतल्यावर पावणेसातच्या सुमाराला लोह, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत. संत्र्यांचा बहार असेल तर एक संत्रं: शंभर ग्रॅम गरातून साधारण २५ ते ३० मिग्रॅ क जीवनसत्त्व मिळतं आणि आवळ्याची फोड याहून कितीतरी पुढे आहे. पावणेआठपर्यंत दुसरं काही नाही. मग नाश्ता, तर्री पोहे चालतील. चहा सव्वानऊनंतर, ऑफिसात. चहा सोडायची गरज नाही, लोह आणि चहा यांच्यात दोन तास अंतर पडलं की पुरे.

लोहाची मात्रा डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन १०.६ हा औषधाचा विषय आहे, सप्लिमेंटचा नाही. बऱ्याचदा ६० मिग्रॅ एक दिवसाआड पुरतं. ६० मिग्रॅ किंवा जास्त मात्रा घेतली की हेप्सिडिन सुमारे २४ तास चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं शोषण घटतं, असं स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५पासून दाखवलं आहे. दिवसाआड घेतल्याने प्रत्येक गोळीतून जास्त लोह मिळतं आणि पोटही शांत राहतं. रोज घेतल्याने एकूण लोह थोडं लवकर भरतं. कोणतं निवडायचं ते पोट आणि घाई पाहून.

किती दिवस लागतील याचा अंदाज मांडता येतो. हिमोग्लोबिन १३ करायला वजन ५४ × वाढवायचं हिमोग्लोबिन २.४ × सूत्रातला ठरलेला गुणक २.४, म्हणजे सुमारे ३११ मिग्रॅ लोह. साठ्यासाठी आणखी ५००. एकूण ८००च्या थोडं वर. साठा रिकामा असताना नीट वेळेवर घेतलेल्या गोळीतून वीस टक्के शोषण धरलं तर ६० मिग्रॅ दिवसाआडमधून सरासरी रोज ६ मिग्रॅ आत जातं. म्हणजे साडेचार महिने. पुढे साठा भरत जाईल तसं शोषण घटतं, त्यामुळे पाच-सहा महिने मनाशी धरावेत. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून बंद केलं की हिमोग्लोबिन भरतं आणि फेरिटिन तळालाच राहतं. पुढच्या काही पाळ्यांत पुन्हा तीच अवस्था येते.

कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेपर्यंत कार्बोनेटऐवजी सायट्रेट, कारण त्याला आम्लाची तितकी गरज नसते. एका वेळी ५०० मिग्रॅहून जास्त नको. दूध, दही, ताक आणि तीळ रोज भरपूर असतील तर गोळीच वगळता येते. क्रिएटिन रात्रीच्या जेवणासोबत. पॅन्टोप्राझोल एकदम थांबवू नये, आम्ल उसळून वर येतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यापासून चार तास लांब ठेवावं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असताना हे धातू औषधालाच धरून बसतात, म्हणून त्या काळात वेळा विचारून घ्याव्यात. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ ५० मिग्रॅ जस्त सोबत घेण्याचा विचार असेल तर तो सोडावा. ४० मिग्रॅची वरची मर्यादा ओलांडून महिनोन्‌महिने घेतलेलं जस्त तांबं घटवतं आणि त्यातूनही रक्तक्षय होतो.

चार आठवड्यांनी

चौथ्या आठवड्याच्या शेवटी हिमोग्लोबिन तपासावं. आधीच्या हिशेबाने सुमारे १६८ मिग्रॅ लोह आत गेलेलं असेल आणि या वजनाच्या व्यक्तीत हिमोग्लोबिन एका अंकाने वाढायला सुमारे १३० मिग्रॅ लागतं. म्हणजे ११.९च्या आसपास दिसायला हवं. फेरिटिनची घाई नको, ते तीन महिन्यांनी पाहावं, आणि त्या दिवशी सर्दी-ताप नसावा, कारण संसर्गात फेरिटिन खोटं वाढतं.

हिमोग्लोबिन अर्ध्या अंकानेही हललं नाही तर गोळी बदलण्याआधी वेळा विचाराव्यात. लोह आणि चहा पुन्हा जवळ आले असतील, नाहीतर बद्धकोष्ठामुळे गोळ्या गुपचूप सुटल्या असतील. वेळा बरोबर असूनही आकडा हलत नसेल तर पाळीतला रक्तस्राव, हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, गव्हामुळे होणारा सीलिॲक आजार आणि बी-१२ या चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. शाकाहारी व्यक्तीत बी-१२ मुळात सुरुवातीलाच पाहिलेलं बरं, कारण लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही सामान्य दिसून फसवतो. यातलंही काही सापडलं नाही, किंवा तोंडावाटे लोह कोणत्याच रूपात सोसत नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा पर्याय आहे आणि तो रुग्णालयातच घ्यायचा.